तेलाचा डबा महिन्याला किती लागतो, ते आधी सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय ४३, पुण्यात बैठी नोकरी, वडिलांना ५२व्या वर्षी ॲटॅक येऊन गेलेला, आणि आता चुलतभावाला ४६व्या वर्षी दोन स्टेंट (हार्टची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) बसले म्हणून तुम्ही घाबरून सगळ्या तपासण्या केल्या. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, बीपी १३६/८८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९ आणि कंबर ९८ सेंटीमीटर. आणि विचारताय की तेल कुठलं वापरू, तूप बंद करू का, आणि चालायला जाऊ की जिम लावू.

मी साताऱ्याकडे २६ वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतेय आणि "तेल कुठलं" हा प्रश्न मला रोज येतो. पण "तेल किती" हे पेशंट स्वतःहून कधी विचारत नाही, ते मलाच विचारावं लागतं. म्हणून आधी तुम्ही मला सांगा, तुमच्या घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लिटर संपतं? माझ्याकडे येणाऱ्या चार माणसांच्या घरात सर्रास पाच लिटरचा डबा महिनाभरात संपतो, वर सणाला एखादी पिशवी जास्तीची. आता हिशोब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरून घातलेलं तेल-तूप पुरेसं सांगितलंय. म्हणजे पुरुषाला महिन्याला ८०० मिलीच्या आसपास, बाईला साडेसहाशे. चौघांचे मिळून झाले जेमतेम तीन लिटर, तेही तूप धरून. पाच लिटरच्या डब्याला दोन लिटर तेल जास्तीचं पोटात जातंय, मग ते शेंगदाण्याचं असो, करडईचं असो की लाकडी घाण्याचं महागाचं असो.

एका पेशंटच्या घरची गोष्ट सांगते. ते आणि त्यांच्या मिसेस दोघं आले होते आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या की मॅडम आमच्याकडे तेल फारच कमी असतं, फोडणीला फक्त एक पळी. मी म्हटलं घरी जाऊन खोकल्याच्या औषधाचं ते १० मिलीचं झाकण असतं ना, त्याने पळीभर तेल मोजा. पुढच्या वेळी त्या आल्या तर चेहरा उतरलेला, कारण पळीत साडेतीन झाकणं बसली होती. सकाळच्या भाजीला एक, आमटीला एक, संध्याकाळी परत भाजीला एक, म्हणजे शंभर मिलीच्या वर गेलं, चपातीला लावलेलं वेगळं आणि खाणारे तिघंच. त्यांनी दुसरं काही केलं नाही, पळी बाजूला ठेवली आणि डब्यात चहाचा चमचा टाकला, भाजीला तीन चमचे, बस्स. पहिले आठ दिवस घरात कुरकुर झाली, मग कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. तुम्हीही हेच करा, आणि मुख्य म्हणजे पेशंटचं वेगळं पातेलं करू नका. वेगळं पातेलं महिना-दीड महिना चालतं, मग करणारी बाई थकते आणि खाणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटत राहतं. तुमच्या घरात तर दोन पिढ्यांत हार्टचा त्रास आहे, म्हणजे मुलांचाही प्रश्न आहेच, सगळ्यांचंच तेल कमी झालं तर त्यात वाईट काहीच नाही.

आता तेल कुठलं, त्याचंही उत्तर देते. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी, राईसब्रान यातलं कुठलंही चालेल, दोन-तीन महिन्यांनी बदलत राहा किंवा दोन प्रकारची घरात ठेवा. पामतेलात जवळपास निम्मं सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी, असतं आणि खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या घरात, म्हणून रोजच्या स्वयंपाकाला ती नकोत, कोकणातल्या आमटीत वाटलेला ओला नारळ ही वेगळी गोष्ट आहे, तो बेताने चालतो. तळलेलं तेल परत परत तापवू नका. आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारी, हार्टला घातक चरबी) आपल्याकडे २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगलं झालं, पण त्यामुळे खारी, टोस्ट, नानकटाई हे काही हार्टचं खाणं झालं नाही. ट्रान्स फॅट कमी झालं तरी त्यात मैदा, मीठ आणि बहुतेक वेळा पामतेल असतंच. सकाळच्या चहाबरोबर चार खाऱ्या हा ज्यांचा नेम आहे त्यांनी फक्त तो नेम मोडला तरी माझं अर्धं काम होतं.

तुपाबद्दल लोक फार भांडतात, एक बाजू म्हणते तूप अमृत, दुसरी म्हणते विष. चहाच्या चमचाभर तुपात साधारण ३ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असतं. तुमच्यासारखा एलडीएल वाढलेल्या माणसाने दिवसभरात १५ ग्रॅमच्या आसपास थांबावं असं आम्ही सांगतो. मग गरम वरणभातावर एक चमचा तूप घेतलं तर काय बिघडलं? काही नाही. बिघडतं ते दुधात, आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं. म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के फॅट, म्हणजे चहा, दही, रात्रीचा ग्लास असं मिळून अर्धा लिटर दूध पोटात गेलं की ३० ग्रॅमच्या वर फॅट आणि त्यातलं दोन तृतीयांश सॅच्युरेटेड, म्हणजे फक्त दुधातच २० ग्रॅम झाले! तूप सोडलेला माणूस साय घातलेलं दही खातो आणि म्हणतो मी सगळं बंद केलंय तरी कोलेस्टेरॉल उतरत नाही. दूध तापवून फ्रीजमध्ये ठेवा, साय काढा, परत तापवून परत काढा, किंवा सरळ टोन्ड दूध लावा. तेवढ्याने एलडीएल हलतो, हे मी कितीतरी रिपोर्टांत बघितलंय.

पण तुमच्या रिपोर्टात मला एलडीएलइतकीच दुसरी गोष्ट खटकते. ट्रायग्लिसराईड जास्त, एचडीएल कमी, पोट पुढे आणि शुगर काठावर, ही आपल्या लोकांची अगदी ठरलेली चौकडी आहे आणि ती तेलातुपापेक्षा जास्त भात, चपाती, पोहे, साखर, बिस्किटं यातून येते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीत आपल्या रोजच्या कॅलरीतल्या ६२ टक्के कार्बोहायड्रेटमधून येतात असं दिसलंय. जास्तीची साखर आणि स्टार्च लिव्हर फॅटमध्ये बदलून रक्तात सोडतं, तेच ट्रायग्लिसराईड. त्यामुळे तेल निम्मं केलं आणि चपात्या तीनाच्या पाच झाल्या तर हाताला काही लागणार नाही. ताट वाढतानाच अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर घ्या, पाव ताटात डाळ, उसळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात, दोन्ही एकदम नको. मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, मुगाचं वरण, पालेभाजीत घातलेली डाळ, ज्वारीची भाकरी, हे आपल्याकडे आहेच, ते सोडून ॲव्होकॅडो शोधत फिरू नका. डाळी-कडधान्यं, मेथी, जवस, ओट्स, पेरू-सफरचंद यातला विरघळणारा फायबर आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्त बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि एलडीएल खाली येतो. जवस-तिळाची चटणी रोज चमचाभर खा, पण मीठ हात राखून घाला.

मिठाचंही तेलासारखंच मोजमाप करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड सगळं आलं. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची मिठाची पिशवी तुमच्याकडे किती दिवस पुरते ते आजच पिशवीवर तारीख टाकून बघायला लागा, दीड महिन्याच्या आत संपली तर जास्त होतंय, आणि बाहेरचं खाणं तर त्या पिशवीत मोजलंच जात नाही. १३६/८८ बीपी म्हणजे गोळीच्या उंबऱ्यावर आहात तुम्ही, इथे मीठ आणि पोट कमी करून अनेकांची गोळी लांबते. पापडात पापडखार असतो, तोही सोडियमच. सैंधव मीठ घेतलं म्हणजे सुटलो असं नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे. पोटॅशियमवालं लो सोडियम मीठ खरंच उपयोगी आहे, चीनमधल्या खेड्यांत केलेल्या मोठ्या अभ्यासात २०२१ला त्याने स्ट्रोक कमी झालेले दिसले, पण किडनीचा आजार असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर त्याने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय, विशेषतः आईवडिलांच्या जेवणात, ते आणू नका.

उपासाचं एवढंच सांगते की एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचा कूट, तूप, बटाटा. भगर, ताक, राजगिरा, फळं, रताळं यावर उपास करा. शेंगदाणे, बदाम, अक्रोड मूठभर, म्हणजे २५-३० ग्रॅम, रोज चांगलेच, पण खारवलेले नको. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, स्वस्तही आहेत आणि ओमेगा-३ ला भरपूर, फक्त रवा लावून तेलात बुडवू नका, कालवण करा. मटण महिन्यातून एक-दोनदा, तर्री बाजूला काढून. दारू हार्टला चांगली असते हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तंबाखू तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारते, कारण लोक सिगारेट नाही म्हणतात आणि खिशात पुडी असते, आणि घरातल्या बायका मिसरी लावतात पण ती तंबाखू म्हणून मोजत नाहीत. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ला आली तरी माझ्या ओपीडीत चाळिशीतल्या ॲटॅकच्या पेशंटांच्या हिस्टरीत तो निघतोच. कुठल्याही रूपात असेल तर आहार-व्यायामाच्या आधी ते बंद करा.

आता व्यायाम. १९५३ला लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा अभ्यास केला. कंपनी एकच, बस एकच, ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना वर-खाली. हार्टचा आजार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला, आणि कंडक्टरना झाला तरी बऱ्याचदा उशिरा आणि कमी जीवघेणा. मला ही गोष्ट फार आवडते कारण त्यातला कुणीही "व्यायाम" करत नव्हता. तुम्ही आठ-नऊ तास खुर्चीत, म्हणजे ड्रायव्हरच झालात. दर तासाला उठून जिना चढा, फोन उभ्याने घ्या, जेवल्यावर १०-१५ मिनिटं ऑफिसच्या आवारात फिरून या. जेवणानंतरच्या या छोट्या फेरीने स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, तुमच्या ५.९ साठी तेच औषध आहे.

याशिवाय आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं हवं, जमलं तर ३०० पर्यंत. भरभर म्हणजे किती? मिनिटाला साधारण शंभर पावलं, घड्याळ लावून १५ सेकंदांत २५ पावलं पडतात का बघा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, ही सोपी खूण. आमच्याकडे पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणारे पुष्कळ आहेत, त्यात चार जणांचा ग्रुप गप्पा मारत, थांबत थांबत चालतो, वर्षानुवर्षं नेम चुकत नाही आणि तरी कंबर इंचभर हलत नाही. त्यातल्या एकांना मी सांगितलं की जाताना गप्पा बंद, येताना मारा. तेवढ्या बदलाने सहा महिन्यांत त्यांची पल्स ८४ वरून ७२ वर आली आणि चढ चढताना लागणारी धाप कमी झाली. भरभर चालल्याने रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं, हार्टला तेवढंच काम कमी ठोक्यांत जमायला लागतं. १०,००० पावलांचा आकडा मात्र मनावर घेऊ नका, तो १९६५च्या सुमाराला जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावावरून आलाय. तुम्ही आज ३,००० चालत असाल तर ६,००० ला नेणं हाच खूप मोठा फायदा आहे.

आणि जिम की चालणं, तर दोन्ही, पण जिमची मेंबरशिप लागतेच असं नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा, कारण चाळिशीनंतर स्नायू घटायला लागतात आणि साखर साठवायची जागाच कमी होते. खुर्चीवरून हात न टेकता बारा वेळा ऊठबस, भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलणं, पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम, प्रत्येकाचे दोन-तीन सेट, श्वास कोंडायचा नाही. सूर्यनमस्कार तर उत्तमच, आमच्या जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शंभर वर्षांपूर्वी ते शाळाशाळांत रुजवले. सहापासून सुरू करा, आठवड्याला दोन वाढवा.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते. भावाला स्टेंट बसला म्हणून घाबरून लोक उद्यापासून पळायला लागतात, घाट चढायला लागतात, जिममध्ये पहिल्याच दिवशी जड वजनं उचलतात. तुमची फॅमिली हिस्टरी आणि हे रिपोर्ट बघता आधी फिजिशियनला भेटा, ईसीजी करा, गरज वाटली तर ते ट्रेडमिल टेस्ट सांगतील. तोवर चालणं चालू ठेवायला हरकत नाही, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं दोनदा, मग हळूहळू वाढवा. चढावर छातीत दाब, जबड्यात, गळ्यात किंवा डाव्या हातात कळ येते आणि थांबल्यावर जाते असं एकदा जरी झालं तर व्यायाम तिथेच बंद, त्याच दिवशी डॉक्टर. आणि बसल्याजागी छातीत दाबून आलं, दरदरून घाम फुटला, धाप लागली, तर ॲसिडिटी समजून जेलुसिल पीत बसू नका, स्वतः गाडी चालवत जाऊ नका, १०८ला फोन करा. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ, गळून जाणं असंही येतं. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

गोळीचं पण स्पष्ट बोलू. एलडीएल १४८, वडिलांना ५५च्या आत ॲटॅक, शुगर काठावर, या सगळ्यावर तुमचे डॉक्टर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करा म्हणाले तर आहाराने बघतो म्हणून वर्षानुवर्षं टाळू नका. नीट पाळलेल्या आहाराने एलडीएल साधारण १० ते २० टक्के उतरतो, तुमचा १२० ते १३३ च्या आसपास येईल, बाकी किती उतरवायचा ते तुमचा एकूण धोका बघून ठरतं. आणि गोळीने रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद, असं करू नका, नॉर्मल तो गोळीमुळेच आलेला असतो. स्टेंट बसलेल्या भावाला तर हे नक्की सांगा, त्याची रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने एक दिवसही चुकवायची नाही. अजून एक तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या, लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कोलेस्टेरॉल वाहणारा कण. ते जन्मतःच वाढलेलं असू शकतं, आहार-व्यायामाने फारसं बदलत नाही, पण वाढलेलं निघालं तर बाकीच्या सगळ्या गोष्टी अजून कडक पाळायच्या असतात आणि भावंडांनाही तपासायला लावायचं असतं.

कंबर मोजताना पँटचा नंबर धरू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषाला ९० च्या आत, बाईला ८० च्या आत. तुम्हाला आठ सेंटीमीटर उतरायचंय, सहा-आठ महिने लागतील, घाई नको. बारा आठवड्यांनी लिपिड, शुगर परत करा आणि डॉक्टरकडे जाताना रिपोर्टांबरोबर किराण्याची दोन्ही बिलं न्या, आत्ताच्या महिन्याचं आणि तेव्हाचं. तेल, साखर, मीठ, बिस्किटं या चारच ओळी त्यांना शेजारी शेजारी ठेवून दाखवा.